मिरज: व्यायामाच्या तलावाचा हीटर पंधरा मिनिटांत आरसीसीबी पाडतो, वायरमन म्हणतो आरसीसीबीच काढून टाका

मिरज_फिजिओ

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मिरजेत आमचं छोटं केंद्र आहे आणि आवारात पाण्यातल्या व्यायामाचा तलाव आहे: सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद, सरासरी एक मीटर दहा सेंटीमीटर खोल. म्हणजे साधारण २०,००० लिटर पाणी. वीज हा माझा विषय नाही, शब्द चुकले तर सांभाळून घ्या. पण जे जे दिसलं ते तारखेसकट वहीत लिहून ठेवलंय, तेच इथे देते.

आमच्याकडे कुणी पोहायला येत नाही. जतकडून एक सात वर्षांचा मुलगा येतो, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. वडील त्याला पहाटेच्या एसटीने मांडीवर घेऊन येतात. पाणी ३३-३४ अंशांवर असलं की वीस मिनिटांत त्याच्या मांड्यांचा ताठरपणा उतरतो आणि तो माझी बोटं धरून पावलं टाकतो. २९ अंशांच्या पाण्यात तेच पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. पक्षाघात होऊन गेलेल्या दोन आजी येतात. यांपैकी कुणालाही पाण्यातून स्वतःहून पटकन बाहेर पडता येत नाही. हे मुद्दाम सांगते, उत्तर देताना लक्षात असू द्या.

हीटर विजेचा आहे, पाइपलाइनमध्ये बसवलेला, थ्री फेज, १८ किलोवॅट. स्टीलच्या नळकांड्यात ३ किलोवॅटचे सहा एलिमेंट आहेत. तीन-तीनचे दोन गट, प्रत्येक गटाला वेगळा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) आणि वेगळा कॉन्टॅक्टर (एलिमेंटची वीज आपोआप जोडणारा-तोडणारा चुंबकी स्विच). त्यांच्या आधी ४० अँपिअरचा चार पोलचा आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळाली की लाइन तोडणारा स्विच, त्यावर ३० मिलीअँपिअर लिहिलंय. पंपाची लाइन वेगळी आहे. पाणी बोअरचं.

आता क्रम. सप्टेंबरमध्ये हीटरच्या डोक्यावरचं लाल बटन तीनदा वर आलं होतं. ते दाबलं की हीटर पुन्हा सुरू व्हायचा, म्हणून आम्ही ते फार मनावर घेतलं नाही. ऑक्टोबरपासून पाणी हळू तापायला लागलं. रात्री ११ ला लावला की सकाळी ६ पर्यंत ४ अंश चढायचे, ते अडीचवर आले. मग दिवाळीत नऊ दिवस सगळं बंद होतं. भाऊबीजेनंतर हीटर लावला तर बारा मिनिटांत आरसीसीबी पडला. दहा मिनिटं थांबून वर केला, पुन्हा सतरा मिनिटांनी पडला. एकदा चाळीस मिनिटं चालला. लावताक्षणी मात्र एकदाही पडलेला नाही.

वायरमन येऊन गेले. त्यांनी टोंग टेस्टर (वायरला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र) लावला, आकडे मी लिहून घेतले: आर फेज २३.४, वाय २३.६, बी १२.९ अँपिअर. मेन बोर्डावर फेज आणि अर्थिंगच्या मध्ये १०० वॉटचा बल्ब लावून दाखवला, लख्ख पेटला. म्हणाले अर्थिंग एक नंबर आहे, आरसीसीबी नाजूक झालाय, तो काढून थेट एमसीबीवर घेऊ, पाच मिनिटांचं काम. मी नको म्हटलं. ते माणूस म्हणून चांगले आहेत, पंधरा वर्षं आमच्याकडे काम करतात, पण माझं मन धजावलं नाही.

प्रश्न दोन. आरसीसीबी खरंच खराब असू शकतो का, आणि ते ओळखायचं कसं? आणि पाणी हळू तापणं व हे पडणं एकाच दुखण्याची लक्षणं आहेत की दोन वेगळी दुखणी?

पलूस_रिवायंडिंग

ताई, नको म्हणालात ते लाखमोलाचं केलंत. आधी एवढं करा: हीटरचा आयसोलेटर, म्हणजे त्याची वीज पूर्ण तोडणारा स्विच, पाडून कुलूप घाला आणि किल्ली तुमच्याच जवळ ठेवा. दुखणं सापडेपर्यंत पाण्यात माणूस असताना हीटर चालू करायचा नाही. तपासणी रात्री, तलाव रिकामा असताना.

पलूसमध्ये माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, सत्तावीस वर्षं झाली. हीटरचे एलिमेंट कमी येतात, पण दुखणं ओळखायची रीत एकच. तुमच्या वहीतली सगळ्यात कामाची ओळ ‘लावताक्षणी एकदाही पडला नाही’ ही आहे.

एलिमेंटच्या आत नायक्रोमची तार असते, भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर दाबून भरलेली आणि वरून धातूची नळी. पावडर उष्णता जाऊ देते, वीज अडवते. पण ती ओल धरते. हीटर बरेच दिवस बंद राहिला आणि टोकाकडून दमट हवा शिरली की पावडर ओलसर होते आणि वीज नळीत गळायला लागते. अशी ओल असेल तर बहुतेक वेळा आरसीसीबी लावल्या लावल्या पडतो, आणि एलिमेंट वाळवला की सुधारतो. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या दुकानासमोर मोटारींची रांग लागली होती. दोन महिने आम्ही दुसरं काही केलं नाही, फक्त धुणं, वाळवणं आणि मेगर करणं, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणं. भिजलेली मोटर वाळली की मेगरचा आकडा दिवसागणिक चढत जातो, ते मी डोळ्यांनी शेकडो वेळा पाहिलंय.

तुमचं उलटं आहे. गार असताना ठीक, तापल्यावर पडतो. म्हणजे नळीला बारीक चीर असण्याची शक्यता जास्त. गार असताना चीर मिटलेली राहते. तापली की नळी फुगते, चीर उघडते, पाणी पावडरीपर्यंत पोचतं. आरसीसीबी पडला, एलिमेंट गार झाला की चीर पुन्हा मिटते. म्हणून दहा मिनिटांनी वर केला की बसतो.

आता गट वेगळे करा. पहिल्या रात्री फक्त पहिल्या गटाचा एमसीबी वर ठेवून चालवा, दुसऱ्या रात्री फक्त दुसऱ्याचा. दोष असलेला गट स्वतःच हात वर करेल. मग त्या गटातल्या प्रत्येक एलिमेंटच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आणि वायरी सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने टर्मिनल ते बॉडी मोजा. एकदा गार असताना आणि एकदा आरसीसीबी पडल्या पडल्या, नळी गरम आहे तोवर. गरम असतानाचं माप कुणी घेत नाही. गार मापावर ‘सगळं चांगलं आहे’ सांगून माणसं निघून जातात आणि रात्री पुन्हा तेच. मेगर लावताना मेन बंद, कुलूप लावलेलं, थर्मोस्टॅटच्या वायरी सुटलेल्या. हे वायरमनच करेल, तुम्ही शेजारी वही घेऊन उभ्या राहा.

आणि ते लाल बटन. ते जास्त तापल्याचं कटआउट आहे. ते उगीच वर येत नाही. त्याच्याबद्दल मला काळजी वाटते. फिल्टरचं प्रेशर किती दाखवतंय?

पाचगणी_केअरटेकर

मी पाचगणीला एका बंगल्याचा तलाव बघतो. आमच्याकडेही असंच पडत होतं. गेल्या पावसाळ्यात ३० चा काढून १०० मिलीअँपिअरचा बसवला, तेव्हापासून त्रास नाही. धुक्यात दमटपणामुळे थोडी गळती राहणारच असं आम्हाला सांगितलं होतं. ताईंना घाई असेल तर तेवढ्यापुरता हा उपाय करून बघता येईल.

विश्रामबाग_इलेक्ट्रिकल

पाचगणीच्या दादांना विनंती आहे, उद्याच तो ३० चा परत बसवा. मी सांगलीत डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रिकल शिकवतो आणि या एका मुद्द्यावर दर वर्षी वर्गात घसा कोरडा करतो. ३० मिलीअँपिअर हा आकडा माणसाच्या छातीसाठी ठरवलेला आहे. तेवढी गळती झाली की आरसीसीबीने ३०० मिलिसेकंदांच्या आत लाइन तोडायची, म्हणजे हृदयाची लय बिघडायच्या आत. १०० आणि ३०० मिलीअँपिअरचे आगीपासून बचावासाठी वापरतात, माणसासाठी नाही. भिजलेल्या अंगाचा रोध कोरड्या अंगाच्या मानाने फारच कमी असतो. तलावाच्या वायरिंगचे नियम तर इतके कडक आहेत की प्रत्यक्ष पाण्यात १२ व्होल्टच्या वर एसी नेऊच देत नाहीत, आणि काठापासून २ मीटरपर्यंतचा पट्टाही जवळजवळ तितक्याच कडकपणे सांभाळायला सांगतात. त्रास संपला असं तुम्हाला वाटतंय, पण गळती तशीच चालू आहे, फक्त सांगणारा गप्प झालाय.

आता बल्बची गोष्ट, कारण ती आपल्याकडे गावोगावी चालते. १०० वॉटच्या बल्बचा रोध सुमारे ५२९ ओहम. अर्थिंग समजा अगदी टाकाऊ, ५० ओहमचं आहे. तरी बल्बला २३० पैकी २१० व्होल्ट मिळतात. तो लख्खच पेटणार! पण त्याच ५० ओहमच्या अर्थिंगवर एखादा फेज बॉडीला टेकला तर करंट येईल ४.६ अँपिअर. ३२ चा एमसीबी तेवढ्यावर आयुष्यात पडणार नाही आणि हीटरची बॉडी, पाइप, पाणी सगळं विजेच्या दाबाखाली बसून राहील. बल्ब पेटला म्हणजे अर्थिंगची वायर कुठेतरी मातीपर्यंत गेलीय, एवढंच कळलं. अर्थ टेस्टरने, दोन खुंट्या ठोकून, ओहममध्ये आकडा काढून घ्या. तोवर तुमचं संरक्षण म्हणजे तो एकटा आरसीसीबी. तो खराब आहे का हे पाहायला त्याचं टी (टेस्ट) बटन दाबा, आणि मग खालचे दोन्ही एमसीबी बंद ठेवून तो रात्रभर वर ठेवा. लोडशिवाय पडला नाही तर संशय त्याच्यावरून काढा.

पाणी हळू तापण्याचं उत्तर तुमच्या तीन आकड्यांतच आहे, ते लिहून घेतलेत म्हणून बरं झालं. ३ किलोवॅटचा एलिमेंट २३० व्होल्टवर १३ अँपिअर घेतो. दोन गट म्हणजे प्रत्येक फेजला २६ हवेत. बी वर १३ आहेत, म्हणजे बी चा एक एलिमेंट मेलाय किंवा त्याची वायर सुटलीय. पण मग आर आणि वाय वर २६ का नाहीत, साडेतेवीसच का? कारण गटातल्या तिन्ही एलिमेंटची एकेक टोकं जिथे एकत्र जोडलीत, त्या स्टारच्या मधल्या बिंदूला न्यूट्रल जोडलेला नाही. एक पाय तुटला की उरलेले दोन एलिमेंट ४०० व्होल्टवर एकामागे एक लागतात, प्रत्येकाला २३० ऐवजी २०० च मिळतात. त्या गटाची ताकद ९ किलोवॅटवरून बरोबर निम्मी, साडेचार होते. एकूण १८ चे साडेतेरा. २०,००० लिटर पाणी एक अंश चढवायला सुमारे २३ युनिट लागतात. सात तासांत पूर्वी १२६ युनिट पाण्यात जायची, आता साडेचौऱ्याण्णव. रात्रभर जी उष्णता हवेत जाते ती तेवढीच राहणार, म्हणून तुमचे ४ अंश अडीचवर आले. वही आणि गणित जुळतंय.

म्हणजे दुखणी दोन आहेत. एक तुटलेला पाय आणि एक गळका. मूळ कारण एकच असू शकतं, आणि तिथे मी पलूसच्या काकांशी सहमत आहे: ते लाल बटन. हीटरला एक फ्लो स्विच असतो, पाइपात पाणी वाहत नसेल तर हीटर तोडणारा. तो काम करतो का बघा. दोन्ही गटांचे एमसीबी बंद ठेवा, म्हणजे एलिमेंटला वीज नाही, फक्त कंट्रोलची लाइन चालू. पंप लावा, थर्मोस्टॅट वर करा, कॉन्टॅक्टर ओढल्याचा खट्ट आवाज येईल. मग पंप बंद करा. दोन-चार सेकंदांत कॉन्टॅक्टर सुटला पाहिजे.

मिरज_फिजिओ

चार दिवसांनी लिहितेय, कारण सगळं क्रमाने करायचं ठरवलं होतं. या दिवसांत पेशंटना तलावात घेतलं नाही, जमिनीवर व्यायाम घेतले.

आधी फ्लो स्विच. सरांनी सांगितलं तसं केलं. पंप लावला, खट्ट आवाज आला. पंप बंद केला आणि आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो. काहीच आवाज नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. पाणी थांबलेलं आणि कॉन्टॅक्टर ओढलेलाच. वायरमनने मेन पाडून फ्लो स्विचचं झाकण उघडलं तर आत दोन टर्मिनलना एक लाल वायरचा तुकडा जोडून ठेवलेला. म्हणजे स्विच असून नसल्यासारखा. उन्हाळ्यात सर्व्हिसिंगला बाहेरची माणसं आली होती, त्याआधी हीटर सारखा बंद-चालू होतो अशी तक्रार मीच केली होती. त्यांनी ती तक्रार अशी मिटवली. वायरमनचा चेहरा उतरला, म्हणाले मॅडम, मी हे उघडून बघायला हवं होतं. मला स्वतःलाही वाईट वाटलं. बंद-चालू होणं थांबल्यावर मी समाधानाने सही केली होती आणि त्याच पाण्यात रोज लेकरं उतरवत होते.

काका, तुम्ही विचारलेलं फिल्टरचं प्रेशर: वाळू नवी असताना ०.८ किलो असायचं, आता १.६ होतं. बॅकवॉश केल्यावर, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुतल्यावर, १.० वर आलं. म्हणजे पाणी मुळातच कमी वाहत होतं, फ्लो स्विच बिचारा बरोबर सांगत होता.

आरसीसीबी बिनलोडचा रात्रभर वर राहिला. टी बटन दाबलं की लगेच पडतो. तो चांगला आहे.

पहिला गट एकटा: तीन तास चालवला, काही नाही. दुसरा गट एकटा: नऊ मिनिटांत पडला.

मग मेगर. एका ओळखीच्या मोटरवाल्यांकडून दोन दिवसांसाठी मागून आणला, हँडल फिरवायचा जुना आहे. वायरमनने हँडल फिरवलं, मी लिहिलं. पहिल्या गटाचे तिन्ही एलिमेंट गार असताना ४०, ३५ आणि ५० मेगओहम. दुसऱ्या गटात चौथा २८, पाचवा १.८, सहावा १५. मग पट्ट्या परत जोडून गट चालवला, पडल्या पडल्या मेन बंद, कुलूप, आणि धावत पुन्हा सोडवलं. चौथा गरम असताना ११. पाचव्यावर काटा थेट शून्याला टेकला. साध्या मल्टीमीटरवर लावला तर ९ किलोओहम दाखवत होता, आणि गार होत गेला तसा आकडा आमच्या डोळ्यांसमोर वाढत गेला. काका, तुम्ही लिहिलेली मिटणारी चीर ती हीच ना?

सहावा बी फेजचा. त्याचं माप बॉडीला चांगलं आहे, तरी करंट घेत नाही. त्याला बदलायचाच का?

विश्रामबाग_इलेक्ट्रिकल

९ किलोओहमवर २३० व्होल्टने जास्तीत जास्त २५ मिलीअँपिअर गळतील. ३० चा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो, तसाच तो बनवलेला असतो. कधी बारा मिनिटं, कधी चाळीस, याचं उत्तर हेच. चीर किती उघडली त्यावर होतं.

सहावा बदलायच्या आधी त्याच्या स्वतःच्या दोन टर्मिनलमध्ये ओहम मोजा, वायरचं टोक धरून नव्हे. ३ किलोवॅटला साडेसतरा-अठरा ओहम यायला हवेत. आले तर एलिमेंट जिवंत आहे आणि दोष वायरीत किंवा लगमध्ये (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्यात) आहे.

पलूस_रिवायंडिंग

होय ताई, तीच चीर. सांगितलेलं एवढ्या बारकाईने करणारं गिऱ्हाईक मला क्वचित भेटलं.

पाचवा काढताना नळकांडं पूर्ण रिकामं करा, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद. बाहेर आला की त्यावर पांढरा थर दिसेल, नखाने निघतो का बघा. बोअरचं पाणी तापलं की त्यातला चुना सगळ्यात गरम जागी बसतो, म्हणजे एलिमेंटवरच. थर जाड झाला की आतली उष्णता बाहेर पडत नाही, नळी आतल्या आत लाल होते आणि फाटते. त्यात पाणी कमी वाहत असेल तर विचारूच नका. आपल्या कृष्णाकाठच्या पट्ट्यात जमीनसुद्धा खारवटलीय, बोअरच्या पाण्याकडून काय अपेक्षा करणार.

नवा एलिमेंट घेताना दुकानदाराला क्लोरीनच्या पाण्यासाठी हवा असं स्पष्ट सांगा आणि इन्कोलॉयच्या (निकेलच्या मिश्रधातूच्या) नळीचा मागा. साध्या ३०४ स्टीलला क्लोरीन टोकरून टोकरून भोकं पाडतं. गॅस्केट नवं घाला, जुनं परत बसवू नका. टर्मिनलवर पाण्याचा एक थेंब राहिला तरी पुन्हा गळती दाखवेल, म्हणून बसवल्यावर कोरडं करून मेगर करा, मगच लाइन द्या. बाकीच्या पाचांवरचा थर लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात भिजवून काढा, पत्र्याने खरवडू नका.

आणि तो लाल वायरचा तुकडा काढलात ना? फ्लो स्विच पाइपात सरळ लागलाय का, त्याची पाती हलते का, तेही बघून घ्या.

मिरज_फिजिओ

काम परवा पूर्ण झालं.

सहाव्याचे ओहम १७.८ आले, म्हणजे तो जिवंत होता. त्याच्या वायरचा लग काळा पडून तुटला होता, वरचं इन्सुलेशन हाताने चुरडलं की भुगा होत होता. वायरमन म्हणाले स्क्रू ढिला राहिला की असं जळतं. तिथे उष्णतेला टिकणारी वायर घातली, नवा लग दाबून बसवला, आणि बाकीचे सगळे स्क्रूही आवळले. त्यांतले दोन ढिले होते.

पाचवा बाहेर काढला तेव्हा त्याच्यावर चुन्याचा थर माझ्या करंगळीच्या नखाएवढा जाड होता. वायरमनने तो हळूच टिचकी मारून पाडला, खाली वाकलेल्या भागात केसाएवढी तिरपी रेघ होती. दोन्ही बाजूंनी वाकवून बघितली तर उघडते आणि मिटते. तो एलिमेंट मी फेकलेला नाही, केंद्रात टेबलावर ठेवलाय. नवा कोल्हापूरहून आला, इन्कोलॉयचा. बसवल्यावर सहाच्या सहा मेगर केले, सगळ्यात कमी ३० आला. टोंग टेस्टरवर आता २५.८, २५.९, २५.६.

लाल वायर काढली. फ्लो स्विचच्या पातीत चुन्याचे खडे अडकले होते, ते साफ केले. आता पंप बंद केला की दोन सेकंदांत कॉन्टॅक्टर सुटतो. दर सोमवारी सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी ही चाचणी, महिन्याच्या पहिल्या सोमवारी टी बटन, आणि रोज फिल्टरचं प्रेशर, असं वहीत छापील रकाने करून घेतलेत. पाण्याचा सामू आमच्याकडे ८ च्या आसपास राहायचा, तो ७.४ वर आणलाय, म्हणजे चुनाही कमी बसेल.

अर्थिंग अर्थ टेस्टरने मोजलं, १४ ओहम. मी सरांच्या पद्धतीने भागाकार केला: २३० भागिले १४, म्हणजे साडेसोळा अँपिअरच्या आत. ३२ चा एमसीबी पडला नसता. अर्थिंगसाठी नवा खड्डा खणायचं काम चालू आहे, तो होईपर्यंत पाण्यात माणूस असताना हीटरचा आयसोलेटर बंद आणि किल्ली माझ्या गळ्यात. नंतरही तसंच ठेवणार आहे. रात्री तापवून दिवसा बंद ठेवलं तरी दुपारपर्यंत एक अंशच उतरतो, तेवढं चालतं.

वायरमनना मी बदललेलं नाही. मेगर परत देताना त्यांनी किंमत विचारून घेतली, स्वतःचा घेणार आहेत.

आज सकाळी सहाला पाणी ३३.५ होतं. जतचा मुलगा आला होता. आठ दिवसांच्या खंडामुळे पाय आखडले होते, अर्धा तास लागला. शेवटी सात पावलं टाकली.

पाचगणी_केअरटेकर

सर, तुमचं वाचून मालकांशी बोललो. काल ३० चा परत बसवला, संध्याकाळी हीटर लावला तर वीस मिनिटांत पडला. हीटर बंद करून ठेवलाय. आमचा एकच गट आहे, ९ किलोवॅटचा. काका, मेगर करायला साताऱ्यातून कुणी येईल का?

पलूस_रिवायंडिंग

साताऱ्यात एमआयडीसीच्या बाजूला मोटर रिवायंडिंगची दुकानं आहेत, त्यांच्यातल्या कुणालाही विचारा, ५०० व्होल्टचा मेगर प्रत्येकाकडे असतो. हीटरचं झाकण उघडल्यावर आधी फ्लो स्विचच्या आत बघा. मग गरम असतानाचं माप घ्यायला लावा आणि आकडे इथे टाका.